चार नंबर लाइनचा फोटो

विजयश्री लोमटे चाकणच्या ज्या कंपनीत कामाला होती, तिथे गाड्यांची वायरिंग तयार व्हायची. गाडीचं बॉनेट उघडलं की काळ्या टेपात गुंडाळलेली, जागोजागी फांद्या फुटलेली जाड वायर दिसते ना, तीच. कंपनीत तिला हार्नेस म्हणत. चार नंबरच्या लाइनवर तेवीस बायका होत्या. कोणी बोर्डावरच्या खुंट्यांमधून वायरी ओवायच्या, कोणी कनेक्टर बसवायच्या, कोणी टेप गुंडाळायच्या, आणि सगळ्यांच्या शेवटी, टेस्टिंगच्या टेबलाशी, विजयश्री.

हार्नेस टेबलावर लावायचा, बटण दाबायचं. सगळे दिवे हिरवे झाले की शिक्का मारून पुढे. एखादा लाल राहिला तर तो हार्नेस बाजूच्या पेटीत. नियम एवढाच होता. पण विजयश्री पेटीत टाकायच्या आधी ती वायर दोन बोटांमधून हळूहळू सरकवत न्यायची आणि एका जागी थांबायची. "हितं बघा," म्हणायची. टेप सोडून बघितलं तर बहुतेक वेळा तिथेच दोष निघायचा. सतरा वर्षांत सुपरवायझर किती आले नि गेले, पण ह्या बाईनं "हितं" म्हटल्यावर वाद घालायचा नाही, हे प्रत्येकाला महिन्याभरात कळून चुकायचं.

ती केज तालुक्यातली. बारावी झाली, एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर थेरगावात आली. नवरा ज्योतीराम भोसरीला फोर्जिंगच्या कारखान्यात घणावर होता, अजूनही आहे. मुलगी शाळेत जायला लागली तशी विजयश्रीनं चाकणची नोकरी धरली. तेव्हापासून सकाळी पाच चाळीसला डांगे चौकातून कंपनीची बस, मोशीच्या पुढचा ट्रॅफिक, सातला टाळ्या वाजवून लाइनची मीटिंग. मुलगी आता आकुर्डीला कॉलेजात शिकत होती. दिवस कसे गेले म्हणून कोणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. चांगले गेले होते, एवढं खरं.

गेल्या फेब्रुवारीत सकाळच्या मीटिंगला प्लांटचे मोठे साहेब स्वतः आले. ज्या गाडीसाठी चार नंबर लाइन चालत होती, ती गाडी बंद होणार होती. मार्चअखेर लाइन उठणार. ज्यांना यायचं त्यांना दुसऱ्या प्लांटला बदली, पण तो पार नगरच्या बाजूला. ज्यांना जमणार नाही त्यांनी हिशेब घ्यावा. साहेब सभ्य माणूस होता, दोनदा म्हणाला, "तुमच्या कामात काही खोट नव्हती." बायका ऐकत राहिल्या आणि मग आपापल्या जागेवर जाऊन वायरी ओवायला लागल्या. करतात काय?

चहाच्या सुट्टीत सुभद्राबाई बोलली. लाइनवरची सगळ्यात वयस्कर, खेडकडच्या गावातली, सव्वीस वर्षांची नोकरी. वर्षाभरात रिटायरच व्हायची होती.

"मला न्हाई कशाचं काय," ती बशीत चहा ओतत म्हणाली. "पर एक फोटू पायजे हुता. आपल्या समद्यांचा. हितं, लाइनीवर उभं ऱ्हाऊन. सव्वीस वर्सं काय केलं म्हून नातवानं इचारलं तर दावायला तरी."

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. खरंच, एकीकडेही फोटो नव्हता. फोन गेटवर जमा करायचा आणि जाताना घ्यायचा, हा नियम पहिल्यापासूनचा. कंपनीतला ओळखपत्रावरचा फोटो सोडला तर सतरा, वीस, सव्वीस वर्षांचा काही म्हणजे काही पुरावा नव्हता.

विजयश्री एचआरच्या मॅडमकडे गेली. मॅडम वयानं लहान, स्वभावानं बऱ्या.

"ताई, मला कळतंय. पण फोन आत येणार नाही," त्या म्हणाल्या. "कस्टमरचा नियम आहे. कुणी स्टेटसला टाकला, मागे बोर्डावरचं ड्रॉइंग दिसलं, की संपलं."

विजयश्री उठायला लागली आणि मध्येच थांबली. "मॅडम, स्टेटसला टाकताच येणार न्हाई असा फोटो काढला तर?"

"म्हणजे?"

"रोलचा. जुना कॅमेरा असतोय ना, तसला. त्यात दिसतच न्हाई काही. धुवून आणल्यावर तुमी आधी बघा, मग आमाला द्या."

मॅडम आधी हसल्या, मग विचारात पडल्या. दोन दिवसांनी त्यांनी मोठ्या साहेबांची सही आणली. अटी तीन. बोर्ड झाकायचे, शेवटच्या दिवशी शिफ्ट सुटताना वीस मिनिटांत उरकायचं, आणि फोटो आधी मॅडमनी पाहायचा.

कॅमेरा विजयश्रीच्या डोक्यात उगाच आला नव्हता. ती राहायची त्या इमारतीच्या तळमजल्यावर चांदभाईंचा स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन. काउंटरच्या काचेत एक चौकोनी, उभा, वर-खाली दोन भिंगं असलेला कॅमेरा ठेवलेला असायचा. वरच्या भिंगातून बघायचं, खालच्यातून फोटो निघायचा. चांदभाईंच्या उस्तादांनी तो त्यांना दिला होता. मुलगी लहान असताना तिला कडेवर घेऊन विजयश्री त्या काचेपाशी उभी राहायची, तेव्हापासून चांदभाई तिला बेटी म्हणायचे आणि ती त्यांना चाचा.

चांदभाईंनी सगळं ऐकून घेतलं. कॅमेरा बाहेर काढून चामड्याच्या पिशवीतून सोडवला आणि कानाशी धरून शटर मारला. 'टिच्' असा बारीक आवाज झाला.

"चालतो," ते म्हणाले. "रोल अजून मिळतात, पुण्याहून मागवतो. पण तुमच्या कंपनीत उजेड कितीसा असणार? ट्यूबच्या उजेडात तेवीस बायका म्हणजे फ्लॅश पाहिजे. आणि ह्याच्यावर मी कधी फ्लॅश लावला नाही. उस्ताद लावायचे. मी ह्याच्यावर स्टुडिओत मोठ्या दिव्यांवर काम केलं. फ्लॅश वापरायला लागलो तोवर दुसरा कॅमेरा आला होता."

"तुमचा तो लग्नातला फ्लॅश न्हाई का चालणार?"

"तो नवा, हा माझ्याएवढा. दोघांना बोलायला लावायचं कसं?" त्यांनी कॅमेरा तिच्यासमोर धरला. "हे भोक बघ. ह्याच्यातून वायर जायची फ्लॅशला. वायर कुठंय? गेली कुजून."

ड्रॉवरमधून त्यांनी जुनी वायर काढली तर तिचं रबर हातातच भुगा होऊन पडलं. टोकाची पितळी टोपी तेवढी शाबूत होती. विजयश्रीनं ती बोटात फिरवून पाहिली. मध्ये टाचणीसारखी दांडी, बाहेरून कडं. दोनच वायरी. ज्या हार्नेसमध्ये अडीचशे वायरी असतात तो रोज हाताळणाऱ्या बाईला ह्याचं काय मोठंसं!

"चाचा, ही मी करते," ती म्हणाली.

रविवारी तिनं ती केली. टोपीतली जुनी वायर गरम करून सोडवली, नवी जोडली, दुसऱ्या टोकाला नव्या फ्लॅशच्या बाजूच्या भोकात बसेल अशी हेडफोनसारखी पिन लावली, आणि सवयीनं दोन्ही टोकं धरून ओढून पाहिली. मग ज्योतीरामचा व्होल्ट मोजायचा मीटर घेऊन खाली गेली, कारण चांदभाईंना धास्ती होती. मागे एकदा त्यांनी उलटा उद्योग केला होता. आपला जुना मोठा फ्लॅश पुतण्याच्या नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर लावला, आणि एका चमकीत तो कॅमेरा कायमचा झोपला. विजयश्रीनं नव्या फ्लॅशच्या पिनेवर मीटर लावला. पाच व्होल्ट. मग माळ्यावरच्या त्या जुन्या फ्लॅशलाही कशीबशी बॅटरी जोडून पाहिली, तर काटा दोनशेच्या पुढे.

"हा घ्या तुमचा आरोपी," ती म्हणाली. "नव्यानं जुन्याचं काही बिघडत न्हाई. जुना नव्याला मारतोय."

चांदभाई खो खो हसले. वायर लावली, शटर मारला, फ्लॅश उडाला. दोघांनाही वाटलं, झालं काम.

पुण्याहून दोन रोल आले होते. एक कंपनीसाठी ठेवायचा आणि एकावर आधी सराव करायचा, असं चांदभाईंनी ठरवलं. एका रोलमध्ये बारा फोटो. गच्चीवर उन्हात विजयश्री आणि ज्योतीरामचे चार काढले, तेही जोडीनं, कारण दोघांचा असा फोटो लग्नानंतर निघालाच नव्हता. उरलेले आठ स्टुडिओत, फ्लॅशवर. प्रत्येक वेळी लख्ख उजेड पडला. संध्याकाळी चांदभाईंनी रोल धुतला आणि ओली पट्टी खिडकीपुढे धरली.

"बेटी, सांग काय काय आलंय. मला धुरकट दिसतं."

त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. ऑपरेशनचं नाव काढलं की ते विषय बदलायचे. विजयश्रीनं पट्टी हातात घेतली. पहिल्या चार चौकटींत गच्ची होती, ज्योतीराम होता, वाळत घातलेल्या साड्या होत्या, सगळं उलटं, काळ्याचं पांढरं झालेलं. पुढे काहीच नव्हतं. आठही चौकटी कोऱ्या, काचेसारख्या आरपार.

"फ्लॅश तर उडाला होता," ती म्हणाली.

"उडाला होता," चांदभाई म्हणाले आणि खुर्चीत बसले. "राहू दे. बायकांना सांग, म्हातारा येऊन खिडकीशी उन्हात काढून देईल."

पण चार नंबर लाइनला खिडकी नव्हती. आणि लाल दिवा लागलेला हार्नेस विजयश्रीनं दोष शोधल्याशिवाय आजवर पेटीत टाकला नव्हता. उन्हातले फोटो आले, म्हणजे कॅमेरा नीट. फ्लॅश उडतो, म्हणजे फ्लॅश नीट. वायर तिनं स्वतः केलेली. तिन्ही नीट, आणि तिन्ही मिळून काम होत नाही. दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटतानाही हेच डोक्यात घोळत होतं. ज्योतीराम पहिल्या शिफ्टवरून आला होता. त्याला तिनं सांगितलं.

तो जेवता जेवता म्हणाला, "आमच्या घणासारखं असंल. पॅडल दाबलं की घण त्याच क्षणी पडत न्हाई. मधी जरा येळ जातोय. नवीन माणसाला ते कळत न्हाई, त्याला वाटतंय पडून गेला."

विजयश्रीनं लाटणं खाली ठेवलं. "म्हंजे फ्लॅश उडतोय, पण भिंग त्याच वेळी उघडंच नसलं तर?"

"ते मला काय ठाऊक. भाजी वाढ."

भाजी वाढून ती खाली गेली. चांदभाईंना म्हणाली, "चाचा, ह्याचं मागचं झाकण उघडा, आणि रोल न घालता मला आतून बघू द्या."

कॅमेरा पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून स्टँडवर लावला. फ्लॅशही भिंतीकडे. विजयश्रीनं मागून, जिथे फिल्म असते तिथे डोळा लावला. चांदभाईंनी शटर मारला. खोली उजळून निघाली, तिच्या कानामागून उजेड गेला, पण भिंगातून मात्र काळोखच दिसला. पाठोपाठ एक मंद टिकली लुकलुकली, ट्यूबलाइटच्या उजेडाची. पुन्हा मारला. पुन्हा तेच. उजेड आधी, भिंग मागून.

"हा उशिरा उघडतोय, चाचा. फ्लॅश येऊन जातो, मग हा दार उघडतो."

तिनं कॅमेरा फिरवून दिव्याखाली धरला. खालच्या भिंगाच्या कडेला एक इवलीशी कळ होती, तांदळाच्या दाण्याएवढी. शेजारी काहीतरी कोरलेलं, पण मळानं भरलेलं. तिनं साडीची पिन घेऊन मळ काढला. एका बाजूला इंग्रजी एम, दुसऱ्या बाजूला एक्स. कळ एमवर होती.

"एम म्हंजे काय?"

चांदभाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "या अल्लाह! ते बल्बचं आहे, बेटी. उस्तादांच्या वेळी फ्लॅश म्हणजे बल्ब असायचा. एकदा पेटायचा, जळून जायचा, मग दुसरा लावायचा. त्याला पेट घ्यायला वेळ लागायचा. म्हणून कॅमेरा आधी बल्बला इशारा द्यायचा आणि स्वतः जरासा थांबून उघडायचा. तो अजून बल्बचीच वाट बघतोय!"

"आणि आताचा फ्लॅश थांबतच न्हाई."

"कुठला थांबतो! इशारा मिळाला की उडालाच. एक्सवर कर. एक्सवर थांबत नाही."

तिनं नखानं कळ सरकवली. ती सरकायला तयार नव्हती, मग एकदम 'टक्' करून गेली. पुन्हा डोळा लावला. चांदभाईंनी शटर मारला आणि काहीच झालं नाही. फ्लॅश उडालाच नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा उडाला, आणि त्या क्षणी विजयश्रीच्या डोळ्यासमोर भिंगभर पांढराशुभ्र गोल चमकला, पौर्णिमेच्या चंद्राएवढा गरगरीत. ती दचकून मागे सरली आणि लहान पोरीसारखी हसली.

"दिसलं! चाचा, अख्खा गोल दिसला!"

पण तीनदा मारल्यावर एकदा, हे काही खरं नव्हतं. चांदभाई म्हणाले, ह्या बाजूचं टोक आत पन्नास वर्षं कुणी वापरलं नसेल, काळं पडलं असणार. उघडून साफ करायला डोळे पाहिजेत आणि तेवढे आता राहिले नाहीत. विजयश्रीला हा आजार माहीत होता. कंपनीत पडून राहिलेल्या कनेक्टरचं असंच व्हायचं. दहा-वीसदा आत-बाहेर केलं की घासून चकचकीत व्हायचा. ती कॅमेरा घरी घेऊन गेली. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता, मुलीची परीक्षेची उजळणी ऐकता ऐकता, टीव्हीसमोर बसून तिनं दोन दिवसांत शेकडो वेळा रिकामा शटर मारला. वैतागून ज्योतीराम म्हणाला, "रातकिडा पाळलाय का घरात?" तिसऱ्या दिवशी वायर लावून पाहिली. ओळीनं पंचवीसदा उडाला, एकदाही चुकला नाही.

एकतीस मार्चला दुपारी तीन वाजता चांदभाई रिक्षानं कंपनीच्या गेटवर उतरले. अंगात इस्त्रीचा सफारी, खांद्याला स्टँड. गेटवर सिक्युरिटीचे सोपानराव होते. पलटणीतून रिटायर झालेले, चाकणजवळच्याच गावचे. मॅडमचं पत्र त्यांनी दोनदा वाचलं, तरी नियम तो नियम म्हणून भिंतीवरची यादी बोटानं वाचायला घेतली.

"मोबाईल. लॅपटॉप. पेन ड्राईव्ह. हातातलं घड्याळ, फोनवालं. डिजिटल कॅमेरा." ते थांबले. कॅमेरा उलटा-पालटा करून बघितला. "ह्ये डिजिटल हाय का?"

"नाही साहेब. ह्याच्यात बॅटरीसुद्धा नाही."

"मंग ह्येचं नावच न्हाई यादीत. जावा आत." आणि ते स्वतःच बरोबर निघाले, कारण बाहेरच्या माणसाला एकटं सोडायचं नाही, हाही नियम होता.

आत बायकांनी बोर्डांवर पांढऱ्या चादरी टाकल्या होत्या. सगळ्यांनी ॲप्रन धुवून आणले होते, टोप्या सरळ केल्या होत्या. डोळ्यांवरचे सेफ्टी चष्मे चांदभाईंनी काढायला लावले. म्हणाले, काचेत फ्लॅश चमकतो, तेवीस बायकांच्या जागी तेवीस बॅटऱ्या दिसतील. मग ते कॅमेऱ्यापासून बायकांपर्यंत पावलं टाकत गेले, पुटपुटत परत आले. नव्या फ्लॅशला ह्या कॅमेऱ्याशी आपलं आपण काही ठरवता येत नाही, म्हणून त्याची सगळी हुशारी बंद करून तो पूर्ण ताकदीवर ठेवला होता. उजेडाचा हिशेब अंतरावरून मनात करायचा. तो हिशेब चांदभाईंना झोपेतही येत होता. चेहरे नीट दिसत नसले तरी पावलं चुकत नव्हती. भिंगावरची रेघ अंतराच्या आकड्याशी जुळली का, तेवढं त्यांनी विजयश्रीकडून बघून घेतलं.

"फ्लॅश उंच धरायला कुणीतरी पाहिजे," ते म्हणाले. "स्टँडवर ठेवला तर मागच्या रांगेवर सावल्या पडतील."

विजयश्री पुढे झाली.

"ए, तू कुठं चालली?" सुभद्राबाई ओरडली. "तू फोटूत पायजे! तुज्यामुळं तर समदं झालं!"

"म्या धरतो की," सोपानराव म्हणाले. "वीस वर्सं रायफल धरलीया. ह्ये काय जड हाय व्हय?" त्यांनी फ्लॅश घेतला आणि हात असा ताठ वर केला, जणू झेंडावंदन चाललंय. बायकांमध्ये खसखस पिकली.

पहिले पाच फोटो निघाले. सगळ्या ताठ, हात मांडीवर, श्वास रोखून. सहाव्याला फ्लॅश उडाला नाही. सातव्यालाही नाही. चांदभाईंनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला सगळ्यांना दिसला. मॅडमनी घड्याळ पाहिलं.

विजयश्री रांगेतून बाहेर आली. तिनं कॅमेऱ्याकडे बघितलंही नाही. दोन बोटांत वायर धरून फ्लॅशपासून खाली सरकवत आणली आणि कॅमेऱ्याच्या तोंडाशी थांबली. सोपानरावांचा हात फार उंच, वायर आखूड. ओढ बसून टोपी अर्धी सुटली होती.

"हितं," ती म्हणाली. टोपी दाबून बसवली आणि शेजारच्या टेबलावरची काळी टेप घेऊन वायर स्टँडच्या पायाला अशी बांधली, की ओढ बसली तरी ती टेपावर यावी. "सोपानराव, हात एक वीत खाली घ्या."

"घेतला बाई," सोपानराव म्हणाले. "पलटणीत आसं कुणी मला हात खाली घ्याया सांगितलं न्हवतं."

सगळ्या फिदीफिदी हसल्या. विजयश्री घाईनं जागेवर जायला वळली, आणि चांदभाईंनी नेमका तेव्हाच शटर मारला. मग राहिलेले चारही काढले. वीस मिनिटं झाली तेव्हा बायकांनी चादरी घड्या करून ठेवल्या, गेटवर फोन घेतले, आणि बस निघेपर्यंत एकीनंही फोन उघडून पाहिला नाही.

रोल रविवारी दुपारी धुतला. चांदभाईंनी काळ्या पिशवीत दोन्ही हात घातले आणि आतल्या आत रोल चक्रीवर चढवला. त्या कामाला डोळे लागतच नाहीत. औषधाच्या वेळा मात्र विजयश्रीनं घड्याळात बघून मोठ्यानं सांगितल्या. पट्टी धुऊन खिडकीत धरली तेव्हा ते काही विचारायला धजावले नाहीत. दुसरीकडे तोंड करून हात पुसत राहिले.

"धा आलेत, चाचा," ती म्हणाली. "दोन अंधारात गेले ते गेले. बाकी धाही आलेत. सुभद्राबाईचं कुंकूसुद्धा दिसतंय."

चांदभाई टॉवेलनं हात पुसता पुसता थांबले. मग म्हणाले, "बेटी, पुढच्या महिन्यात ते डोळ्याचं ऑपरेशन करून टाकावं म्हणतो."

माळ्यावरचं फोटो मोठे करायचं यंत्र उतरवलं. दोन आठवडे संध्याकाळी एक-एक तास लाल दिव्यात बसून दोघांनी प्रिंट काढले. कुठला काढायचा यावर वाद झाला. चांदभाईंना तो आवडला होता, ज्यात विजयश्री जागेवर परतताना अर्धी वळलेली आहे आणि बाकीच्या बावीस जणी तोंड उघडून हसतायत. "ह्याच्यात जान आहे," ते म्हणाले. पण बायकांना तो नको होता. दात दिसतात, टोप्या वाकड्या झाल्यात, शिवाय ही पाठमोरी. त्यांनी तिसऱ्या नंबरचा निवडला, जिथे सगळ्या सरळ बघतायत. मॅडमनी पाहिला, मागच्या चादरी नीट तपासल्या, हरकत नाही म्हणाल्या, आणि जाता जाता विचारलं, "हसतानाचा असेल तर मला एक मिळेल का?"

लाइन उठली. सात जणी नगरच्या बाजूला गेल्या. सुभद्राबाई घरी बसली. मोबाईलवर फोन करून सांगायची, नातू फोटोतल्या सगळ्यांची नावं पाठ म्हणतो, फक्त विजयश्रीचं विजयालक्ष्मी करतो. विजयश्रीनं बदली घेतली नाही. मुलीचं शेवटचं वर्ष होतं, आणि ज्योतीराम म्हणाला, "रोजचं चार-पाच तास बसमधी गेल्यावर घरात कोण उरणार?" तळवड्याला एका छोट्या शेडमध्ये तिला काम मिळालं. सहा जणी, एक टेस्टिंगचं टेबल. पहिले दोन महिने तिला फार चुकल्यासारखं वाटायचं. सकाळी सातला टाळ्या वाजवायला हात आपोआप जवळ यायचे आणि टाळ्या वाजवणारं कोणी नसायचं. पुढे सवय झाली.

ज्या पुतण्याचा कॅमेरा चांदभाईंनी कधीकाळी जाळला होता, त्यानंच त्या वायरीची गोष्ट कुठल्याशा ग्रुपवर लिहिली. रोलचे कॅमेरे वापरणारी माणसं अजून आहेत, आणि त्यात तरुण बरीच आहेत, हे विजयश्रीला तेव्हा कळलं. आजोबांचा कॅमेरा कपाटात सापडतो, नवा फ्लॅश ऑनलाइन येतो, आणि फोटो मात्र कोरे. आता दर रविवारी दुपारी ती चांदभाईंच्या काउंटरमागे स्टुलावर बसते. कुणाला वायर करून देते, कुणाची कळ एमवरून एक्सवर आणते. बहुतेकांचं दुखणं तेवढंच असतं. चांदभाईंचे डोळे आता साफ आहेत. तिनं केलेला जोड ते हल्ली भिंग न लावता तपासतात आणि उगाच चुका काढतात.

परवाच्या रविवारी मारुंजीहून निरंजन नावाचा एक आयटीतला माणूस आला. त्याच्याजवळ घडीचा कॅमेरा होता, उघडला की पुढे काळं भातं यायचं. विजयश्रीनं चारही बाजूंनी पाहिला. वायरीला भोक नव्हतं, कळ नव्हती, काहीच नव्हतं.

"ह्याला फ्लॅश लागतच न्हाई, दादा," ती म्हणाली. "हा त्याच्या आधीचा हाय."

निरंजनचा चेहरा पडला. "मग घरात फोटो नाहीच निघायचा?"

"निघतो ना. ह्याला सांगायचंच नाही फ्लॅशचं," आतून चांदभाई म्हणाले. "अंधार कर, शटर उघडा ठेव, फ्लॅश हातानं मार, शटर बंद कर. उजेड एकदाच येतो, तेवढाच फिल्मला पोचतो. बेटी, दाखव त्याला. रोल आहे ना आत?"

निरंजननं होकारार्थी मान डोलावली. विजयश्रीनं कॅमेरा स्टँडवर चढवला. आजवर तिनं कॅमेरे उघडले होते, तपासले होते, शेकडो वेळा रिकामे शटर मारले होते. पण रोल आत असताना फोटो असा एकही काढला नव्हता. तिनं चांदभाईंना लाल पडद्यापुढच्या खुर्चीत बसवलं, पावलं मोजली, निरंजनला भिंग किती उघडायचं तो आकडा सांगितला. मग स्टुडिओचं दार लोटून दिवा घालवला.

"चाचा, हलू नका."

"चाळीस वर्षं लोकांना मीच सांगतोय हे," अंधारातून आवाज आला.

"मग माहीत हाय ना. हलू नका."

तिनं शटर उघडला, फ्लॅश डोक्यावर धरला आणि बटण दाबलं.